कौलूनमधला विंग चुनचा वर्ग : स्वसंरक्षणासाठी कितपत उपयोगी?

नोकरीनिमित्त हाँगकाँगला राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी कौलूनमधल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भरणाऱ्या, विंग चुन या चिनी युद्धकलेच्या वर्गात नाव नोंदवले. त्याला आता दीड वर्ष झाले आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी तिथे जाते आणि गेल्या सहा महिन्यांपासून शनिवारीही जाते. या वर्गाचे नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे मला त्यातले काही दोषही सांगायचे आहेत. मात्र अशा पद्धतीचे वर्ग हाँगकाँगमध्ये पुष्कळ आहेत आणि आता आपल्याकडच्या शहरांतही विंग चुन शिकवले जाते, त्यामुळे माझा अनुभव कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे वाटते.

मी गेले ते एकाच हेतूने. सुट्टीत घरी आले असताना एका संध्याकाळी, लोकल स्थानकाच्या जिन्यावर, एका माणसाने माझे मनगट धरले होते. गर्दी होती आणि चार पायऱ्या खाली पोलीसही उभा होता, त्यामुळे तो क्षणात सोडून निघून गेला. पण त्या दोन-तीन सेकंदांत माझा हात उचललाच गेला नाही आणि तोंडातून आवाजही फुटला नाही, ही गोष्ट मला पुढे कित्येक महिने बोचत राहिली. म्हणून या लेखात मी व्यायाम, ध्यान किंवा चिनी संस्कृतीचा परिचय या अंगांनी फारसे बोलणार नाही. कोणी अंगावर आले तर या विद्येचा प्रत्यक्ष उपयोग होतो का, एवढाच प्रश्न मी धरून ठेवला आहे.

विंग चुन ही दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताची विद्या. तिच्या उगमाची कथा सर्वत्र सांगितली जाते : न्ग मुई नावाच्या बौद्ध भिक्षुणीने यिम विंग चुन या तरुणीला ही युद्धकला शिकवली आणि त्या मुलीने, आपल्याशी जबरदस्तीने लग्न करू पाहणाऱ्या गावगुंडाला हरवले. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, आणि शिकायला येणाऱ्या स्त्रियांना ती ज्या खात्रीने ऐकवली जाते त्या खात्रीने ऐकवू नये असे माझे मत आहे. ठाम माहिती मिळू लागते ती एकोणिसाव्या शतकात फोशान शहरात वैद्यकी करणाऱ्या लेउंग जान यांच्यापासून. आज जगभर पसरलेली मुख्य शाखा इप मान यांची. 1893 मध्ये फोशानमध्ये जन्मलेले इप मान साम्यवादी क्रांतीच्या काळात हाँगकाँगला आले आणि 1950 मध्ये त्यांनी उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवायला सुरुवात केली. म्हणजे या विद्येचे हाँगकाँगमधले पहिले विद्यार्थी दिवसभर भांडी, ताटे आणि चुलीशी झगडणारे कष्टकरी होते. ब्रूस ली त्यानंतर काही वर्षांनी, शाळकरी वयात, त्यांच्याकडे आला. 1972 मध्ये इप मान वारले. आमच्या वर्गाच्या भिंतीवर त्यांचा कृष्णधवल फोटो आहे आणि आत येताना प्रत्येक जण त्यासमोर मान झुकवतो.

जागा लहान आहे. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरातली मधली भिंत काढली तर जेवढी मोकळी जागा होईल तेवढीच. एका कोपऱ्यात लाकडी पुतळा आहे : एक जाड खांब, त्याला तीन हात आणि एक वाकलेला पाय. त्याच्यावर हात आपटला की तो चौकटीत किंचित हलतो आणि ‘टक’ असा कोरडा आवाज येतो. शिक्षकांना सिफू म्हणायचे, आधीच्या विद्यार्थ्यांना सिहिंग किंवा सिजे, म्हणजे थोरला भाऊ आणि थोरली बहीण. आपल्याकडे तालमीत वस्तादांना जो मान असतो तोच इथे सिफूंना आहे, पण धाक मात्र त्यामानाने कमी. आमचे सिफू साठीच्या पुढचे आहेत, हळू आवाजात बोलतात आणि चूक दुरुस्त करताना आधी परवानगी विचारून मगच कोपराला हात लावतात. स्त्री विद्यार्थी म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली, म्हणून मुद्दाम नोंदवते.

पहिले तीन महिने जवळजवळ पूर्णपणे ‘सिउ निम ताउ’ या ठरलेल्या हालचालींच्या पहिल्या क्रमात गेले. त्या नावाचा अर्थ साधारण ‘लहानशी कल्पना’ असा होतो. पायांचे चवडे आत वळवून, गुडघे एकमेकांकडे झुकवून एकाच जागी उभे राहायचे आणि फक्त हात हलवायचे. त्यातला पहिला भाग इतका संथ असतो की कोपर पोटापासून मूठभर पुढे सरकायला अर्धे मिनिट लागते. या भागाला परंपरेत बुद्धाला तीन वेळा केलेले वंदन म्हणतात. मला हे तेव्हा कंटाळवाणे वाटले आणि स्वसंरक्षणाशी त्याचा काय संबंध हे कळेना. आता कळते. कोपर बाहेर न पसरता छातीच्या मधल्या रेषेवर राहिले, की हातावर आलेला दाब खांद्यात न अडकता कमरेतून पायांकडे जातो. मी बावन्न किलो वजनाची बाई आहे. माझ्या दुप्पट जोराचा माणूस दंडाने ढकलत असेल तर माझा दंड त्याला थोपवू शकणार नाही, पण नीट ठेवलेले कोपर त्याला दोन क्षण अडवू शकते. मला हव्या असलेल्या गोष्टींपैकी ही पहिली या वर्गाने नक्की दिली.

गुद्द्याचा सराव भिंतीवर टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशवीवर होतो. तिच्यात मूग भरलेले असतात. ज्याची आपण उसळ करतो तोच हिरवा मूग, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी पिशवीच्या शिवणीतून निसटलेला एक दाणा उचलून पाहिला होता. महिनोन्महिने मार खाऊन त्यातल्या दाण्यांचा चुरा होतो आणि पिशवी सैल पडते, मग नवे मूग भरतात. मूठ उभी ठेवून, खालच्या तीन बोटांच्या सांध्यांनी, सरळ रेषेत मारायचे असते आणि एकामागून एक असे गुद्दे साखळीसारखे चालू ठेवायचे असतात. हे शिकायला सोपे आहे आणि पंधरा दिवसांत कोणालाही बऱ्यापैकी जमते. एक गोष्ट मात्र आमच्या वर्गात पुरेशा स्पष्टपणे सांगितली गेली नाही : मुगाची पिशवी मऊ असते, माणसाचे कपाळ नसते. हातमोजा न घालता मुठीने डोक्यावर मारलेल्या गुद्द्यात मारणाऱ्याच्याच हाताचे हाड मोडण्याचा धोका मोठा आहे. विंग चुनमध्ये तळहाताचे फटकेही आहेत. स्वसंरक्षणासाठी येणाऱ्या नवख्या माणसाला, विशेषतः लहान हाडांच्या स्त्रीला, आधी ते शिकवायला हवेत.

आता ‘ची साउ’विषयी सविस्तर लिहिते, कारण या विद्येचा जीव त्यात आहे आणि माझी तक्रारही त्याच्याशीच निगडित आहे. ची साउ म्हणजे चिकटलेले हात. दोघे जण समोरासमोर उभे राहतात, दोघांच्याही मनगटांजवळचा भाग एकमेकांना टेकलेला असतो आणि चारही हात सतत गोल फिरत राहतात. फिरता फिरता ज्याला फट सापडेल त्याने पुढे जायचे. यासाठी पारंपरिक सूत्र असे : हात मोकळा झाला की सरळ पुढे. मला या सरावाची खरी ओळख करून दिली ती एका निवृत्त सिजेंनी. त्यांचे वय पासष्टच्या आसपास, उंची माझ्या खांद्याइतकी. पहिल्या दिवशी त्यांच्या हातांना हात लावला आणि मला एकदम आजीबरोबर जात्यावर बसल्याची आठवण झाली. एकाच खुंट्याला दोघींचे हात असले की दुसरीचा हात कधी जड होतो, कधी ती दम घेते, कधी तिचे मन दुसरीकडे जाते हे डोळे मिटूनही कळते. सिजेंचे हात तसेच होते. त्यांनी जोर लावला नाही, मला ढकलले नाही. माझ्या उजव्या हातातला ताण अर्ध्या क्षणासाठी सुटला आणि त्यांचा तळहात माझ्या हनुवटीखाली येऊन थांबला. मी पाहिले तेव्हा तो तिथे आधीच होता.

स्पर्शातून समोरच्याचा हेतू ओळखण्याचे हे कौशल्य खरे आहे, आणि लिफ्ट, जिना, गाडीचा डबा अशा अरुंद जागेत त्याचा उपयोगही खरा आहे. अशा ठिकाणी पाय उंच उडवून लाथ मारता येत नाही, मागे सरकायला जागा नसते आणि हल्लेखोर बहुधा आधीच अंगाला भिडलेला असतो. विंग चुनच्या लाथा कमरेच्या खालीच असतात, पाऊल लहान असते आणि अडवणे व मारणे एकाच वेळी होते. साडी, सलवार किंवा ऑफिसचे कपडे यांत हे सगळे करता येते.

पण आठव्या महिन्यात जे घडले त्यामुळे माझे मत बदलले. बॉक्सिंगचे काही महिने शिकलेला विशीतला एक मुलगा वर्गात आला. सिफूंनी त्याला आणि सहा वर्षे शिकत असलेल्या एका सिहिंगना हातमोजे घालून हलक्या जोराने खेळायला सांगितले. सिहिंगचे हात समोरच्याच्या हाताचा स्पर्श शोधत पुढे गेले, पण त्या मुलाचा हात तिथे थांबतच नव्हता. तो यायचा, लागायचा आणि स्पर्श होण्याआधी परत जायचा. नंतर बाजूने वळसा घेऊन आलेला ठोसा सिहिंगच्या गालावर सलग तीनदा बसला. सिहिंगचे कसब खोटे नव्हते. सहा वर्षांत त्यांच्यासमोर कधीही न चिकटणारा हात आलाच नव्हता, एवढेच. मग माझी पाळी आली. त्या मुलाने मोजा काढून माझी बाही धरली आणि मला सरळ भिंतीकडे रेटले. मी शिकलेला ‘बोंग साउ’, म्हणजे कोपर वर करून हाताने अडवण्याचा डाव, उचलला, तो कोसळला, आणि माझे बोट त्याच्या बाहीत अडकून मुरगळले. सिफूंनी त्यावर तपकिरी रंगाचे, उग्र वासाचे औषधी तेल चोळून दिले आणि दोन आठवड्यांत ते बरे झाले.

त्या रविवारी मी काकांशी व्हिडिओवर बोलत होते. माझे काका तरुणपणी कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती शिकलेले, आता 74 वर्षांचे आहेत. त्यांना मी बोटाची पट्टी दाखवली आणि हात फिरवण्याचा सराव करून दाखवला. त्यांनी तो कौतुकाने पाहिला आणि मग विचारले, “पोरी, हे तुला येते हे दिसले. पण समोरचा तुझा डाव मोडायला बघतो का? तालमीत जोडीदार पडायला तयार नसतो, म्हणून तर डाव पक्का होतो.” माझ्या मनात जे अस्पष्ट होते ते या एका प्रश्नाने स्वच्छ झाले. आठ महिन्यांत माझे मनगट शेकडो वेळा धरले गेले होते आणि प्रत्येक वेळी धरणाऱ्याने ते शेवटी सोडले होते. स्थानकाच्या जिन्यावरचा माणूस तसा वागला असता असे मानायला काहीच आधार नाही.

हा दोष एकट्या आमच्या वर्गाचा नाही आणि तो आजचाही नाही. 1950 च्या दशकात इप मान यांचे तरुण शिष्य इतर शाळांच्या मुलांशी गच्चीवर लढती करत असत. वाँग शुन लेउंग यांचे नाव त्यासाठीच प्रसिद्ध झाले. त्या पिढीचे विंग चुन अनोळखी आणि विरोध करणाऱ्या माणसासमोर तपासले गेले होते. पुढे ब्रूस लीला 1964 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये वाँग जॅक मान या चिनी युद्धकलेच्या जाणकाराशी झालेल्या लढतीनंतर, तो जिंकल्याचे सांगत असूनही, आपली पद्धत अपुरी वाटू लागली आणि त्याने बॉक्सिंग, तलवारबाजी अशा ठिकाणांहून जे मिळेल ते घेतले. अलीकडे, 2017 मध्ये, मिश्र युद्धकलेचा चिनी लढवय्या शू शियाओडोंग याने चेंगडूमध्ये एका ताई-ची शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडले. पुढच्या वर्षी विंग चुनचा एक शिक्षक त्याच्यासमोर उभा राहिला आणि तोही वारंवार खाली गेला. या लढतींवरून पारंपरिक चिनी विद्या निरुपयोगी ठरवणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून एवढेच दिसते की तंत्र कोणतेही असो, ज्याने विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव केलेला नाही त्याचे तंत्र ऐन वेळी हाताशी येत नाही.

मी हे सगळे सिफूंना विचारले. घाबरतच विचारले, कारण इथे गुरूला असा प्रश्न करणे रीतीला धरून नाही. त्यांनी राग मानला नाही. ते म्हणाले, “आमच्या तरुणपणी आम्ही असा सराव करत होतो. पुढे नोकरी करणारे लोक येऊ लागले. कोणाचा ओठ फुटला की तो दुसऱ्या आठवड्यापासून येत नसे. भाडे भरायचे होते, मग मी ते थांबवले.” इतके सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हते. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी त्यांनी शनिवारी एक जादा तास सुरू केला. त्यात हातमोजे, दातांचे कवच आणि डोक्याचे संरक्षक घालून यायचे असते, जोर ठरवून घ्यायचा असतो, पण समोरच्याने काय करावे हे ठरलेले नसते. पहिल्या शनिवारी आम्ही पाच जण होतो आणि त्यांत त्या सिजेही होत्या. या वर्गाबद्दल माझे मत चांगले असण्याचे सर्वांत मोठे कारण हा तास आहे, आणि तो मूळ अभ्यासक्रमात नव्हता ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

शनिवारच्या तासानेही काही उणिवा भरून निघत नाहीत. जमिनीवर पडल्यावर काय करायचे हे विंग चुनमध्ये जवळजवळ नाही. त्यासाठी कुस्ती, ज्युदो किंवा जुजुत्सूकडे जावे लागेल, आणि ज्यांच्या गावात चांगली तालीम आहे व तिथे मुलींना घेतात, त्यांनी तो पर्याय आधी पाहावा असे मी मनापासून सांगेन. मागून केस किंवा गळा धरला तर काय, याचे उत्तर आमच्या वर्गात एकदाच आणि घाईने दिले गेले. सुऱ्याविरुद्धचे धडे मला धोकादायक वाटले. लाकडी सुरा घेतलेला जोडीदार एकच वार करतो आणि हात पुढे ठेवून थांबतो. खरा माणूस हात मागे घेऊन पुन्हा पुन्हा भोसकतो. सिफूंनी स्वतः खाजगीत सांगितले की सुरा दिसला तर पळावे, पळता येत नसेल तर मध्ये खुर्ची, पिशवी, काहीही धरावे. हे त्यांनी वर्गासमोर, पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

कायद्याची बाजूही कोणी समजावत नाही. साखळी गुद्द्यांचा सराव समोरचा माणूस मागे हटत असताना, कधी कधी तो खाली पडेपर्यंत, चालू ठेवायला शिकवतात. आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये खाजगी बचावाचा हक्क दिला आहे, पण कलम 37 त्याची मर्यादाही सांगते : बचावासाठी जेवढी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करता येत नाही. हाँगकाँगमध्येही वाजवी बळाचेच तत्त्व आहे. म्हणून मी स्वतःसाठी सराव बदलून घेतला आहे. तीन-चार फटके, समोरच्याला बाजूला सारणे, आणि दरवाजाच्या दिशेने निघून मोठ्याने ओरडणे. ओरडण्याचा सराव वर्गात नव्हता. तो मी घरी, खिडक्या बंद करून, एकटीने केला आणि मला तो हाताच्या कोणत्याही तंत्रापेक्षा अवघड गेला.

मिळाले काय, ते एका लहान प्रसंगावरून सांगते. गेल्या हिवाळ्यात, मोंग कॉक स्थानकात उतरताना, दारू प्यालेला एक माणूस अडखळून थेट माझ्या छातीवर आला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण माझे दोन्ही हात मी न सांगता वर आले होते, कोपर आत होते, त्याचे वजन माझ्या हातांवरून बाजूला गेले आणि तो खांबाला टेकला. माझ्या तोंडातून ‘ए, बाजूला!’ असे मराठीत आणि मोठ्याने निघाले. याला स्वसंरक्षण म्हणणे अतिशयोक्ती होईल. मात्र जिन्यावर जे हात उचलले गेले नव्हते ते इथे उचलले गेले, आणि त्यासाठी मी या वर्गाची आणि त्या संथ, कंटाळवाण्या पहिल्या क्रमाची ऋणी आहे.

शुल्क महिन्याला 900 हाँगकाँग डॉलर आहे, शनिवारचा तास धरून. इथल्या मानाने ते वाजवी आहे. गणवेश म्हणजे एक काळा टी-शर्ट. पट्टे, परीक्षा आणि त्यांची वेगळी फी असला प्रकार नाही, हे मला आवडले. सहा आठवड्यांत काहीतरी हाताशी हवे असेल तर इथे येऊ नये, तेवढ्या वेळात फक्त उभे राहायला शिकता येते. दोन वर्षे द्यायची तयारी असेल, अरुंद जागेत आणि जवळून होणाऱ्या झटापटीची भीती असेल, तर जरूर यावे. कोणत्याही गावात विंग चुनच्या वर्गात नाव घालण्याआधी मात्र एक तास बाकावर बसून पाहावे आणि शिक्षकांना विचारावे, की इथे विद्यार्थी एकमेकांना न ठरवता, न सोडता कधी भिडतात. उत्तर देताना ते चिडले किंवा ‘आमची विद्या फार घातक आहे, म्हणून तसे करता येत नाही’ असे म्हणाले, तर तिथे पैसे भरू नयेत.

गेले दोन महिने माझ्याबरोबर शनिवारी दोन मराठी मैत्रिणी येतात. पहिल्या दिवशी सिफूंनी त्यांना माझ्याकडे सोपवले. मी त्यांना क्रम दाखवला नाही. एकीला दुसरीचे मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगितले आणि म्हटले, “ती काहीही करो, तू सोडू नकोस.”